पुढची सीट

“तिका पुढे बसव. मागे बसली तर माझ्या काय उपेगाची नाय.”

मी जिन्यावर होते, एक चप्पल पायात आणि एक हातात. खाली सोप्यावर घरमालक काका काकींना हे सांगत होते. त्या घरात भाडेकरू मी एकटीच, आणि पार्से गावात राहायला येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. मी दुसरी चप्पल न घालताच परत वर गेले, दार लावलं आणि आमच्या आमोणे गावी आईला फोन केला.

आई म्हणाली, “फुकट कोण कुणाला गाडीतून नेतं गं? तू आपली बसनेच जा.”

बस वेळापत्रकात होती. रस्त्यावर ती कधी यायची, कधी नाही. पेडण्याच्या बाजूला औषधांच्या कंपनीत मला नवीनच नोकरी लागली होती आणि त्या आठवड्यात मला दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला असता तर सुपरवायझर काय म्हणाले असते, ते ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी खाली आले. काकांनी गाडीचं पुढचं दार उघडून धरलं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी बघत होते. नजरेला नजर न देणाऱ्या माणसाविषयी काय समजायचं ते मी तिथल्या तिथे समजून घेतलं. मी स्वतःही कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नाही, हे त्या वेळी आठवलं नाही.

पहिला महिनाभर मी त्या सीटवर छत्री घेऊन बसत होते. पावसाळा नव्हता.

माझी आई कोल्हापूरकडची, त्यामुळे घरात मराठी. शाळा इंग्लिश मिडियमची. राहिली कोकणी. ती मला सगळी कळते, पण बोलायला गेलं की जीभ अडखळते. म्हणून मी कमी बोलते, आणि कमी बोलणाऱ्या मुलीला लोक गर्विष्ठ समजतात. काका तसं समजले नाहीत. “ही बरी,” असं ते काकींना म्हणाल्याचंही मी ऐकलं. “ही विचारल्याशिवाय तोंड उघडीत नाय, आणि विचारल्यार तेवढाच सांगता.” आता सगळं माहीत असताना हे वाक्य आठवलं की त्यांनी माझी किती नीट पारख केली होती ते कळतं. तेव्हा मात्र अंगावर काटा आला होता.

ती गाडी आता माझ्या नावावर आहे. लाल रंग, वर काळं छप्पर, मागच्या काचेवर पंखासारखी पट्टी, सीटांना लाल दोऱ्याची शिलाई आणि मागे ‘स्पोर्ट’ असा चकचकीत बिल्ला. तशी ही साधी, पाच माणसांची, मध्यमवर्गीय घराला हप्त्यावर परवडणारी गाडी. तिच्या पांढऱ्या आणि राखाडी बहिणी पेडणे तालुक्यात प्रत्येक वाड्यावर दिसतात. पण ही त्यांच्यातली अंगात आलेली. जरा पाय ठेवला की ओढ घेते, स्टिअरिंग घट्ट, बसणं जमिनीलगत. रस्त्यातला प्रत्येक खड्डा ती पाठीच्या मणक्याला स्वतंत्रपणे कळवते.

काकांनी तीसहून जास्त वर्षं सरकारी बस चालवली होती, बरीचशी वास्कोच्या मार्गावर. बसला वेग बांधून दिलेला असतो. चालकाने कितीही दाबलं तरी ती एका मर्यादेपुढे जात नाही. “तीस वर्सां माका पोरा मागसून येऊन पुढे गेली,” ते म्हणायचे. “एक पोरगो तर जाताना मागे वळून हसलो. लाल गाडी होती.” निवृत्त झाल्यावर ते घरावर नवीन पत्रे घालतील असं काकींना वाटलं होतं. त्यांनी लाल गाडी आणली. गाव म्हणालं, म्हाताऱ्याला शिंगं फुटली. काकी म्हणाल्या, “शिंगां तेंका आणि कमर माझी मोडली.” त्या कायम मागच्या सीटवर, डोळे मिटून, कमरेमागे उशी घेऊन बसायच्या. पुढे बसलं की त्यांना मळमळायचं.

काजूच्या दिवसांत याच गाडीच्या डिकीतून बोंडूंच्या बादल्या जायच्या. त्या मोसमात स्पोर्ट गाडीला आंबूस वास यायचा. माझ्या मैत्रिणी अजून नाक मुरडतात. तो वास गेलेला नाही.

काकांचा जगात कुणावरही विश्वास नव्हता. गाडीतला एखादा भाग गॅरेजवाले बदलून जुना घालतील म्हणून त्यांनी प्रत्येक भागावर खूण केली होती. खूण म्हणजे लेकीच्या राहून गेलेल्या गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका. बॅटरीवर ठिपका, वायपरवर ठिपका, चारी चाकांच्या झाकणांवर, जॅकवर, पान्यावर, स्टेपनीवर तर तीन. गाडी धुवायला दिली की धुणाऱ्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचे. गाडी फणसाखाली उभी केली की चारी चाकांभोवती रांगोळीची रेघ ओढायचे. रात्री कुणी हलवली तर सकाळी कळावं. शेजाऱ्यांना वाटायचं, दृष्ट लागू नये म्हणून असेल. एका शेजारणीने तर आपल्या स्कूटरभोवतीही ओढायला सुरुवात केली.

पेट्रोल सलग दोनदा एका पंपावर भरायचं नाही, हा नियम. “एकदा वळखला की फसवतत.” भरताना ते खाली उतरून मशिनला नाक लागेल इतके जवळ उभे राहायचे. पंपावरच्या मुली हसायच्या. मग आत डोकं घालून मला विचारायचे, “बाये, शून्यावरसून सुरू केल्यान मां?”

“हो,” मी म्हणायचे.

“मग ठीक.”

मशिनवर विश्वास नाही, आणि माझ्या ‘हो’वर आहे, हे मला विचित्र वाटायचं. पण विचित्र गोष्टींची यादी आधीच इतकी लांब होती की त्यात आणखी एक जमा झाली, एवढंच. मला सोडून एकटे घरी परतायचे नाहीत, माझी शिफ्ट सुटेपर्यंत कंपनीच्या फाटकाबाहेर गाडी राखत बसायचे. दिवेलागणीनंतर ते गाडी बाहेर काढायचे नाहीत, “काळोखात सगळे चोर.” नव्या चौपदरी हायवेला चाक लावायचे नाहीत, “तो रस्तो सरकारचो, कधी खंय वळयतीत सांगूक येवचा नाय.” बाजूच्या आरशांवरही त्यांचा संशय होता. “आरसो फटी मारता. तू सांग, डावीकडे कोण आसा?”

“स्कूटर.”

“बाई काय बुवा?”

“बाई.”

“मग जाऊ दे तिका.”

माणसांविषयीचं त्यांचं मत ठरलेलं होतं. “माणूस हॉर्नासारखो. दाबल्याशिवाय खरो आवाज काढीत नाय.” हे ते गंभीरपणे सांगायचे आणि मग कारण नसताना हॉर्न वाजवायचे.

चालवायचे मात्र बस. चाळीसच्या वर जायचे नाहीत. आणि वाटेवरचा प्रत्येक बसथांबा आला की गाडी हळू व्हायची, जवळजवळ थांबायची, मग पुढे निघायची. पायाची सवय. थांब्यावरचे लोक ओळखून होते. एखादा मुद्दाम हात करायचा. काका काच खाली करून ओरडायचे, “फुल्ल!” मागे तीन सीटा रिकाम्या असायच्या.

“अरे, मागे कोण नाय मां?”

“रिझर्व्हेशन आसा!”

मला पहिल्यांदा हसू आलं ते इथे. छत्री मी त्यानंतर घरी ठेवायला लागले.

पाट्या वाचायचं सुरू झालं ते पहिल्याच आठवड्यात. “इंग्लिश मिडियमची मां तू? मराठी वाचूक येता काय? वाच बघू, पुढे काय लिवला ता.” मला अपमान वाटला. मी वाचायला लागले. सावकाश जा. पुढे धोक्याचे वळण. येथे ताजे मासे मिळतील. नारळ पाडून मिळतील. सुरुवातीला पाटी मागे जाईपर्यंत माझं जोडाक्षर सुटायचं नाही. काका गाडी आणखी हळू करायचे. “घाई नाय. नीट वाच.” महिन्याभरात मी चालत्या गाडीतून दुकानांच्या पाट्या, देवळाच्या उत्सवाचे फलक, निवडणुकीचे जुने कागद, सगळं झरझर वाचायला लागले. आज मी हे मराठीत लिहिते आहे. याचं थोडं श्रेय शाळेला नाही, पार्से ते पेडणे रस्त्याला द्यावं लागतं.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे मास्तर झालाय का तो तुझा? काहीतरी हवं असणार त्याला.” आई संशयी आहे. पण तिचा संशय बरोबर होता. हवं काय होतं, तेवढंच तिला आणि मला चुकीचं वाटत होतं.

एक सकाळ मी विसरणार नाही. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, रस्ता सरळसोट आहे. दोन्ही बाजूंना खडक आणि सुकलेलं गवत. त्या दिवशी कुठलीशी सुट्टी होती, पण आमची कंपनी चालू होती. काकांनी गाडी थांबवली. काच खाली करून थोडा वेळ नुसतं ऐकलं.

“बाये, रस्तो मोकळो आसा?”

मी पुढे बघितलं. मागेही वळून बघितलं. “हो.”

“एकय गोरू नाय? कुत्रो?”

“नाही.”

त्यांनी गियर टाकला, आणि ती गाडी जन्मात पहिल्यांदा ज्यासाठी बनवली होती ते करू लागली. पाठ सीटला चिकटली. सत्तर, ऐंशी, शंभर. इंजिनाचा आवाज बदलला. काका हसत होते. तोंड उघडं, दात सगळे दिसत होते, आणि डोळे पुढे कुठेतरी लांब. मलाही भीती वाटली नाही, हे मी कबूल करते. मला मजा आली. सड्याचं टोक यायच्या आधी त्यांनी वेग इतका अलगद कमी केला की माझ्या मांडीवरची बॅग हलली नाही. “वळण आयला मां आता,” ते म्हणाले. आलं होतं.

घरी आल्यावर ते काकींना काही बोलले नाहीत. मीही नाही. आमच्यात गुपित असलेली ती पहिली गोष्ट. तेव्हा मला ते गुपित वेगाचं वाटलं होतं.

मग शाळेची पाटी. वाटेत एका प्राथमिक शाळेच्या अलीकडे ‘पुढे शाळा आहे’ असा फलक होता. तिथपर्यंत पोचायच्या आधीच काका रोज स्वतःच म्हणायचे, “हय शाळेचो बोर्ड. ह्यो मी वाचतंय, तुका त्रास नको.” ओळखीच्या पाट्या ते अशाच स्वतः वाचायचे, माझ्याहून लवकर, न अडखळता. एका सोमवारी गटाराच्या कामासाठी तो फलक उखडून नेलेला होता. खड्डा आणि मातीचा ढीग तेवढा होता.

“हय शाळेचो बोर्ड,” काका म्हणाले. “पुढे शाळा आहे.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते रस्त्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, सवयीने बोलले असतील. मंगळवारीही ते तेच म्हणाले. बुधवारीही.

याच आठवड्यात कंपनीत डोळे तपासणारे डॉक्टर आले. मी ज्या विभागात आहे तिथे दिवसभर दिव्याखाली गोळ्या आणि बाटल्या बघायच्या असतात. तुकडा उडालेली, डाग असलेली बाजूला काढायची. त्यामुळे आमचे डोळे दर सहा महिन्यांनी तपासतात. माझ्या शेजारी बसणारी रेणुका बेळगावकडची. तिला हल्ली बारीक दिसत नव्हतं, पण चष्मा लागला तर आपल्याला पॅकिंगला टाकतील अशी तिची समजूत होती. म्हणून तिने भिंतीवरच्या तक्त्यातल्या सगळ्या ओळी पाठ केल्या. तिची पाळी आली. ती स्टुलावर बसली आणि डॉक्टरांची छडी ओळीवर टेकायच्या आत धडाधड सांगत सुटली. एक चूक नाही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, हा तक्ता मी आजच नवीन आणलाय.”

सगळे हसले, रेणुकाही हसली. तिला चष्मा लागला आणि तिची जागाही गेली नाही. मी मात्र हसले नाही. ज्याला खरंच वाचायचं असतं तो कुठेतरी अडखळतो. पाठ असलेला अडखळत नाही. मला मशिनला टेकलेलं नाक आठवलं. माझ्या खांद्याकडे बघणारी नजर आठवली. हायवे, काळोख, आरसे. आणि सड्यावर मी उच्चारलेला तो ‘हो’ आठवला.

तरी मला खात्री नव्हती. माझ्यासारख्या मुलीने अशा वेळी काय करावं? सरळ विचारावं. मी विचारलं नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची परीक्षा घेतली.

वाटेत एक फाटा लागतो. सरळ पेडणे, डावीकडे काजूच्या बागांमधून जाणारा कच्चा रस्ता, तो फिरून पुढे पेडण्याच्याच रस्त्याला मिळतो. फाट्यावर रस्त्याच्या कामासाठी एक पत्रा नव्याने उभा केला होता. पिवळा, कोरा. त्याच्यावर एक अक्षर नव्हतं. रस्ता सताड उघडा होता. समोरून दुधाची गाडी येऊन गेली.

“नवीन कायतरी दिसता,” काका म्हणाले. “काय लिवला?”

“रस्ता बंद,” मी म्हणाले.

त्यांनी डावीकडचा दिवा लावला आणि गाडी वळवली. मान उचलून पत्र्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेट्रोलच्या शून्यावर ज्याचा विश्वास नाही, गॅरेजवाल्याच्या शपथेवर नाही, आरशावर नाही, तो माणूस माझ्या एका शब्दावर खडकाळ वाटेने निघाला. गाडीचं पोट दोनदा दगडाला लागलं. प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडातून ‘स्स’ असा आवाज आला, जणू त्यांनाच लागलं. अर्ध्या तासाने आम्ही बाहेर पडलो. कंपनीच्या फाटकाशी मला सोडताना ते म्हणाले, “बरा झाला, तू होतंस म्हणान. नायतर मी सरळ गेलंय असतंय.”

मला त्या दिवशी उशिराबद्दल सुपरवायझरांचं बोलणं ऐकावं लागलं. ते काय म्हणाले, आठवत नाही.

त्यानंतर मी बसने जायला लागले. कारण सांगितलं, शिफ्ट बदलली. मी बसने गेले की गाडी फणसाखालून हलायची नाही. संध्याकाळी बघायचे तर रांगोळीची रेघ सकाळी होती तशीच, अखंड. म्हणजे ते एकटे जात नव्हते. कुणाला धोका नव्हता. मी स्वतःची समजूत घातली की प्रश्न सुटला.

एकदा काकींकडे विषय काढायचा प्रयत्न केला. त्या विळीवर नारळ खवत होत्या. म्हटलं, “काकांनी डोळे कधी तपासले?”

“तेंचे डोळे?” काकी हसल्या. “गो, ते दुसऱ्याच्या खिशातला बघतत. तूच आपल्या कोपऱ्यातसून बाहेर बघीत जा जरा. लग्न कसा होतला तुझा?”

विषय माझ्या लग्नावर गेला आणि तिथेच राहिला. काकींना खरंच माहीत नव्हतं. त्या मागे, डोळे मिटून बसायच्या.

काका आता वास्कोला, लेकीकडे असतात. म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजरेच्या मधोमध जे गेलं ते परत येणार नाही, कडेकडेचं आहे ते टिकवू. म्हणजे माझा चेहरा बघायला त्यांना माझ्या खांद्याकडे बघावं लागत होतं. लबाडी नव्हती ती. ते मला बघायचा प्रयत्न करत होते.

मी तोंड उघडलं त्या रविवारनंतर तीन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवणाची थाळी वर पाठवायचे, भाडं घ्यायचे, तेवढंच. त्यांची लेक आणि तान्ही नात त्या दिवशी वास्कोला टॅक्सीने गेल्या. गाडी फणसाखाली उभी राहिली, तिच्यावर पानं पडली. मग एका सकाळी सोप्यावर माझ्यासमोर चावी ठेवून ते म्हणाले, “लायसन आसा मां तुका?” होतं. डिचोलीच्या ड्रायव्हिंग क्लासात काढलेलं, कधी न वापरलेलं. “मग घे. रीतसर कागद करून घे. दुसऱ्याक विकलंय तर तो खुणा पुसतलो.”

मी ती घेतली. पहिले दोन आठवडे ती माझ्या हातात तीन वेळा बंद पडली, तीही नेमकी बसथांब्यांवर. पेडण्याच्या बाजारात अजून लोक गाडीकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि त्यांना काहीतरी जुळत नाहीसं वाटतं. गुलाबी ठिपके सगळे जागच्या जागी आहेत. थांबा आला की माझाही पाय आपोआप हलका होतो.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. “टायरांत हवा आसा?”

“आहे.”

“खुणा?”

“सगळ्या आहेत.”

आणि शेवटी, “खरां सांगतंस मां?”

हा प्रश्न पूर्वी नव्हता.

मी तोंड उघडलं तो रविवार असा होता. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगी झाली. तीन महिने झाले, आता बाळाला घेऊन सासरी जायचं. त्यांच्याकडे अशी रीत की पहिल्या नातवंडाला आजोबांनी स्वतः पोचवायचं. काका आठवडाभर गाडी पुसत होते. भाड्याची गाडी हा शब्दही त्यांनी घरात काढू दिला नाही. “तीस वर्सां परक्या लोकांक वास्कोक पोचयलंय,” ते म्हणाले. “माझ्या नातीक दुसरो नेतलो?”

वास्को म्हणजे हायवे. म्हणजे उड्डाणपूल, वळवलेले रस्ते, ट्रक, आणि झुआरीवरचा तो मोठा पूल. त्यांना पाठ असलेला रस्ता तिथे कुठेच उरलेला नव्हता.

आदल्या दिवशी त्यांनी मला जिन्याखाली गाठलं. “उद्या तुका सुट्टी. तूय चल. समुद्र बघून येशीत.” मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते त्यांना दिसलं नसणार.

सकाळी मी खाली आले तेव्हा गाडीला झेंडूची माळ होती. काकी मागे उशी लावत होत्या. लेक बाळाला दुपट्यात गुंडाळून उभी होती. बाळाच्या गालावर काजळाचा टिळा. शेजारची दोन-तीन माणसं अंगणात आली होती. काकांनी हातात नारळ घेतला, डोकं झाकलं आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा! ह्या लेकराक आज तिच्या घरा नेतंव, तिच्या वाटेत काय वाकडा येवंक नको, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“ह्या गाडयेक, गाडी चालवतल्याक कोणाची दृष्ट लागूक नको, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

माझे ओठ हलले, आवाज आला नाही. होकार द्यायचं काम त्या रस्त्यावर मी पुष्कळ केलं होतं. एक शब्द आणखी जड नव्हता. पण लेकीच्या हातातलं ते बाळ तेवढ्यात जागं झालं, आणि माझ्या खांद्याकडे नाही, सरळ माझ्याकडे बघायला लागलं.

काकांनी चाकाशी नारळ फोडला. पाणी लाल रंगावर उडालं, ते त्यांनी बाहीने पुसलं. मग ते स्टिअरिंगमागे बसले. लेक दार उघडून मागे बसत होती.

“तिका पुढे बसव,” ते काकींना म्हणाले, या वेळी मोठ्याने, अभिमानाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “ती पुढे बसली की माका काळजी नाय. सगळ्या गावात एक ह्या पोरीर माझो विश्वास.”

“बस गो बाय,” शेजारीण म्हणाली. “मान मिळालो तुका.”

पुढचं दार उघडंच होतं. मी दाराच्या कडेला हात ठेवला आणि बसले नाही. काका बाजूला वळले, माझ्या खांद्याकडे बघत वाट बघू लागले. काकी, लेक, शेजारी, यांतल्या कुणालाच मी काय बोलते आहे ते कळणार नव्हतं. ज्याला कळायला हवं होतं, त्याला कळणार होतं. माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला.

“काका, त्या दिवशी फाट्यावर ‘रस्ता बंद’ असं लिहिलेलं नव्हतं. तो पत्रा कोरा होता.”